गोदाम भरलेलं आहे, मग शेत गेलं तर बिघडलं कुठं?

प्रश्न : चाकणजवळच्या एका गावातून एक निवृत्त शिक्षक लिहितात : "आमच्या शिवारात लहानपणी मी कांदा, बटाटा, बाजरी, ज्वारी बघितली. आता तिथं कंपन्यांच्या शेड आहेत आणि उरलेल्या रानात प्लॉटिंगचे पांढरे दगड. दरवर्षी एखादा व्याख्याता येऊन सांगतो, शेतजमीन अशीच जात राहिली तर उपाशी मराल. पण रेशनवर धान्य फुकट मिळतंय, सरकारला गहू-तांदूळ ठेवायला जागा पुरत नाही असं पेपरात येतं. मग शेत गेल्यानं नेमकं काय बिघडतं? की हे लोक उगाच भीती घालतात?"

उत्तर : गुरुजी, भीती घातल्याशिवाय व्याख्यानाला टाळ्या पडत नाहीत, तेव्हा तेवढं सोडून द्या. तुमची शंका रास्त आहे आणि वरवर पाहिलं तर आकडे तुमच्याच बाजूनं बोलतात. १९७०-७१ साली देशात निव्वळ पेरणीखाली साधारण १४ कोटी हेक्टर जमीन होती. आजही ती १४ कोटींच्याच आसपास आहे. त्या वर्षी अन्नधान्य पिकलं १० कोटी ८४ लाख टन. २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या वर. जमीन तेवढीच आणि धान्य तिप्पट.

यात जादू काही नाही. १९५०-५१ मध्ये अन्नधान्याचं हेक्टरी उत्पादन ५२२ किलो होतं, आता ते अडीच हजार किलोंच्या जवळ गेलं आहे. सुधारित बियाणं, रासायनिक खत आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. शिवाय एकाच रानात दोन-दोन पिकं निघू लागली. पूर्वी शंभर हेक्टर रानात वर्षभरात १११ हेक्टरांचा पेरा होत असे, आता तो दीडशेच्या पुढे गेला आहे. दुसरीकडे खाणारी तोंडं किती वाढली तेही बघू. १९५१ मध्ये देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती आणि पेरणीखालची जमीन सुमारे १२ कोटी हेक्टर, म्हणजे माणशी ३३ गुंठे. आज माणशी १० गुंठे येतात. या दहा गुंठ्यांतच तुमचा गहू, तूरडाळ, शेंगदाण्याचं तेल, चहातली साखर, अंगातल्या सदऱ्याचा कापूस आणि म्हशीचा चारा हे सगळं पिकायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या डोळ्यांदेखत रानं गेली, तर मग १४ कोटींचा आकडा हलत कसा नाही? बिगरशेती वापराखालची जमीन १९५०-५१ मध्ये ९४ लाख हेक्टरांच्या घरात होती, आता ती अडीच कोटींच्या वर आहे. तेव्हा जमीन गेली हे खरंच. पण त्याच काळात कुठं पडीक माळ नांगराखाली आला, कुठं मशागतयोग्य पण ओसाड जमीन उपसून-सपाट करून वहितीला आली. सरकारी तक्त्यात हेक्टर म्हणजे हेक्टर. चाकणची काळी कसदार जमीन गेली आणि कुठल्याशा टेकाडाच्या उतारावरची हलकी मुरमाड जमीन पेरणीखाली आली, तरी बेरीज जुळते. ती जुळते म्हणूनच फसवते.

शहरं वाढतात ती उत्तम जमिनीवर, यात योगायोग नाही. जिथं नदी होती, सपाटी होती, गाळाची माती होती, तिथं आधी धान्य पिकलं, मग बाजारपेठ झाली आणि बाजारपेठेचं शहर झालं. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, कुठलंही घ्या. शहर पसरतं ते आपल्याला पोसणाऱ्या रानावरच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असा अंदाज होता की २०३० पर्यंत शहरांच्या वाढीपायी जगातली दोन टक्क्यांच्या आसपास पिकाऊ जमीन जाईल. दोन टक्के ऐकून कुणी दचकणार नाही. पण याच अभ्यासानं पुढे म्हटलं होतं की जाणारी ही जमीन जगाच्या सरासरीपेक्षा पावणेदोन पटींहून जास्त पिकणारी आहे, आणि या नुकसानीतला चार-पंचमांश वाटा आशिया-आफ्रिकेच्या वाट्याला येणार आहे.

तुमच्याच जिल्ह्यातलं हडपसर-मांजरी बघा. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचं धरण झालं, मुठेचा कालवा निघाला आणि या पट्ट्यात ऊस, भाजीपाला, फळबागा उभ्या राहिल्या. पुण्याच्या मंडईला पहाटे पोचणारी मेथी-कोथिंबीर इथली असे. आज त्या पट्ट्यात मगरपट्टा सिटी आहे, साधारण ४०० एकरांवर. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून ती स्वतःच उभारली, आणि जमीन फुंकून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा होता हे मी मोकळेपणानं मान्य करतो. त्या कुटुंबांचं कल्याण झालं. भाजी मात्र लांब गेली. ती आता जिथून येते तिथून टेम्पोचं डिझेल, दोन-तीन दलाल आणि वाटेत पिचकून वाया जाणारा माल हेही सोबत येतं.

आणि जमीन न विकतासुद्धा शेती जाते, याकडे फारसं कुणी बघत नाही. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून पुणे शहरानं प्यायचं आणि दौंड-इंदापूरपर्यंतच्या रानांनी भिजायचं. महापालिकेची मागणी आता २० टीएमसीच्या पुढे गेली आहे. शहर वाढलं की कालव्याचं आवर्तन आखडतं. रब्बीला दोन पाळ्या मिळायच्या तिथं एक, उन्हाळ्यात तर मिळेल ती आपली. शहरानं सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याहून कालव्यात सोडायचं अशी तोड काढली आहे. त्या पाण्याच्या वासाबद्दल खालच्या गावांतल्या लोकांना विचारा. इंदापूरचा शेतकरी सातबारा घट्ट धरून बसला आहे, त्याची एक गुंठाही जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालेली नाही. तरी त्याची बागायत हळूहळू जिरायत होते आहे.

आता गोदामाकडे वळू. ते भरलेलं आहे, पण कशानं? गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सुमारे ८१ कोटी लोकांना माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते फुकट आहे. ही व्यवस्था मोठी आहे, तिला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. मात्र खाद्यतेलाची देशाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते : पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून, सूर्यफूल रशिया-युक्रेनहून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलहून. तूर मोझांबिक आणि म्यानमारची, मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची. वरणभाताच्या ताटात भात आपला आणि वरण बरेचदा परदेशी, अशी गत आहे.

रेशनचा गहूही महाराष्ट्रात पिकत नाही. तो मुख्यतः पंजाब, हरियाणा आणि मध्य प्रदेशातून येतो. पंजाबात दरवर्षी जमिनीत जितकं पाणी मुरतं त्याच्या दीडपट उपसलं जातं. म्हणजे चाकणची ज्वारी गेल्याची भरपाई पंजाबातलं कुणाचं तरी बोअरवेल दरवर्षी आणखी खोल जाऊन करतं आहे. ज्वारीचंच घ्या. १९८०च्या आसपास महाराष्ट्रात ती ६० लाखांहून अधिक हेक्टरांवर होती. आता २० लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमी. ती सगळी काही बिल्डरनं गिळली नाही. सोयाबीन ५० लाख हेक्टरांच्या घरात गेलं, जिथं पाणी पोचलं तिथं ऊस गेला. नोंदीत ही शेतीच आहे. पण सोयाबीनची पेंड कोंबडीखाद्याला जाते, उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं आणि ज्वारीसोबत कडबाही गेला, म्हणून दुधाचा खर्च वाढला. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्वारीला भाव नव्हता आणि पाखरं राखायला माणूस नव्हता.

गोदामाची शिल्लक किती पातळ असते हे २०२२ मध्ये दिसलं. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. दाणा भरायच्या वेळी गहू पोचट राहिला. त्यात युक्रेनच्या युद्धानं भाव चढले आणि व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा चढ्या दरानं माल उचलला. आदल्या वर्षी सरकारनं ४३३ लाख टन गहू खरेदी केला होता, त्या वर्षी जेमतेम १८८ लाख टन. १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली, काही राज्यांच्या मोफत धान्यात गव्हाऐवजी तांदूळ आला. उपाशी कुणी मेलं नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे, गुरुजी : देश उपाशी मरेल असं मला वाटत नाही. पण आपल्या ताटात काय यावं, कुठून यावं आणि काय भावानं यावं, हे ठरवणं एकेका शेताबरोबर आपल्या हातून सुटत जातं. १९६६ मध्ये आपण एक कोटी टनांवर धान्य आयात केलं. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. ती ज्यांनी खाल्ली ते तुमच्या गावात अजून असतील, चव विचारून बघा.

राहिला प्रश्न घरचा. ज्याचं शेत गेलं त्याच्या घरी पूर्वी कणगीत ज्वारी असे, बांधावर शेवगा असे, दारात गाय असे. मोबदल्याच्या पैशातून गाडी आली, बंगला आला, बहिणींचे वाटे-हिस्से झाले, कोर्टाच्या तारखाही झाल्या. आता ते घर किलोवर ज्वारी आणतं. तरी त्याच्याकडे निदान पैसा आला. त्याच रानात खुरपायला, काढणीला येणाऱ्या बाईला मजुरीबरोबर पायलीभर धान्य, भाजीचा वानोळा, गुरांना बांधावरचं गवत मिळे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं अशा कुटुंबांनाही बाधितांत धरलं आहे. पण थेट खरेदीखत झालं की व्यवहार बहुधा सातबाऱ्यावरच्या नावाशी संपतो. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं गेली. जमीनमालकांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळायची वाट मोकळी झाली ती दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर, आणि १९८४ च्या जानेवारीत त्या लढ्यात पाच जणांनी जीव गमावल्यावर. मिठागरावर मजुरी करणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे मला कुठल्याच भाषणात ऐकायला मिळालं नाही.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एक वाचक विचारतात : "बागायती जमीन घेता येणार नाही असा कायदा आहे ना? मग महामार्गाची मोजणी आमच्या द्राक्षबागेत कशी येते? आणि एकदा एनए झालेली जमीन परत शेतीत आणता येते का?"

उत्तर : ताई, कायदा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं दहावं कलम अन्नसुरक्षेसाठीच आहे. सिंचनाखालची, एकाहून अधिक पिकं देणारी जमीन घ्यायची नाही. अगदीच पर्याय नसेल तर शेवटचा उपाय म्हणून घ्यायची, तीही राज्यानं घातलेल्या मर्यादेत, आणि तेवढीच पडीक जमीन शेतीसाठी तयार करायची किंवा तेवढे पैसे भरायचे. वाचायला सुंदर. पण त्याच कलमाच्या शेवटी म्हटलं आहे की रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबलचक रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना हे लागू नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आणि बहुतेक ठिकाणी १२० मीटर रुंदीचा. गुणाकार केला तर आठ हजार हेक्टरांच्या वर जातो. हे सगळं 'रेषा' या सदरात बसतं. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर-सांगलीकडच्या बागायतदारांनी विरोध केला तो याच दुखण्यामुळे. त्यात आणखी एक गोष्ट असते : रस्ता जमीन खातो आणि शेताचे दोन तुकडेही करतो. विहीर एका बाजूला, बाग दुसऱ्या बाजूला. जो अर्धा एकर पलीकडे राहतो तो दोन-चार वर्षांत ढाब्याला किंवा पंपाला जातो. मोजणीत ती जमीन कधीच 'गेलेली' दिसत नाही.

बिनशेतीची परवानगी महसूल अधिनियमातून येते. गेल्या दहा-बारा वर्षांत ही वाट सोपी होत गेली आहे. विकास आराखड्यात तुमचं रान निवासी पट्ट्यात दाखवलं असेल किंवा गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत असेल, तर रक्कम भरण्यापुरतंच काम उरतं. म्हणून खरा निर्णय तलाठ्याच्या टेबलावर होत नाही, तो आराखड्याच्या नकाशात आधीच झालेला असतो. नकाशाचं प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकतींसाठी मुदत असते आणि त्या दिवसांत बहुतेक गावांना त्याचा पत्ताही नसतो. ज्यांना असतो ते आधीच इसार देऊन बसलेले असतात.

परत शेतीचं म्हणाल तर कागद फिरवता येतो, माती फिरवता येत नाही. प्लॉटिंग करताना वरची काळी माती बरेचदा वीटभट्टीला किंवा बंगल्यांच्या बागांना विकली जाते आणि खाली मुरमाचा भराव येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. तिला दुसरा पर्याय नाही.

यावर उपाय म्हणून गोव्यानं २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला कायद्यानं बंदी घातली. चीननं तर १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टर, ही लागवडीखालच्या जमिनीची 'लाल रेषा' ठरवली आहे. त्याखाली जायचं नाही. तिथंही शहराजवळची सुपीक जमीन देऊन दूरची हलकी जमीन भरपाईत दाखवायचे प्रकार झालेच. तक्त्याचा मोह सगळीकडे सारखा असतो. आणि नुसत्या बंदीत एक अन्याय आहे, तो झाकून चालणार नाही. दोन एकर जिरायत जमिनीत वर्षाला जे हाती लागतं त्याच्या कित्येक पटींनी ती विकून बँकेत ठेवलेल्या रकमेचं व्याज येतं. शहरात फ्लॅट घेऊन राहणाऱ्या माझ्यासारख्यानं त्या शेतकऱ्याला 'विकू नकोस' असं सांगायचं, ते कुठल्या तोंडानं? जमीन राखणं ही सगळ्यांची गरज असेल तर राखण्याची किंमतही सगळ्यांनी मोजायला हवी. ज्वारी-डाळींना खरेदीची हमी, शहराजवळच्या भाजीपट्ट्याला पाण्याचा राखीव वाटा, अशा खर्चिक गोष्टी. कुंपण घालून शेतकऱ्याला आत कोंडण्यापेक्षा ते महाग पडेल, पण टिकेल.

प्रश्न : ठाण्याहून एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव विचारतात : "आमच्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीवर शेती करायचं चाललं आहे. असं सगळ्या शहरांनी केलं तर गेलेल्या जमिनीची भरपाई होईल का?"

उत्तर : हिशेब करू या. माणशी महिन्याला धान्य आणि डाळ मिळून दहा किलो धरली तर वर्षाला १२० किलो. हेक्टरी अडीच हजार किलोंचं उत्पादन धरलं तर एका माणसाच्या धान्यालाच पावणेपाच गुंठे रान लागतं. चौघांच्या घराला जवळजवळ अर्धा एकर. चाळीस फ्लॅटना मिळून १९ एकर. वर्षात दोन पिकं काढलीत तर निम्म्यात भागेल, पण साडेनऊ एकरांची गच्ची ठाण्यात कुठल्या बिल्डरनं दिली असेल तर मला पत्ता कळवा. डाळीचं उत्पादन हेक्टरी आणखी कमी, तेलबियांचं गणित तर मांडूच नका. बंद खोलीत दिव्यांखाली पाण्यावर पिकवण्याच्या शेतीत पालेभाजी, लेट्यूस, स्ट्रॉबेरी निघते. गहू काढायचा म्हटलं तर विजेच्या बिलातच दिवाळं निघेल.

तेव्हा भरपाई विसरा, पण गच्ची सोडू नका. ओल्या कचऱ्याचं खत होईल, गच्ची थोडी गार राहील. पालक, मेथी, मिरची, कढीपत्ता घ्या, शेवगा ड्रममध्येही येतो. पावसाळ्याच्या तोंडाला कोथिंबिरीची जुडी पन्नास रुपयांना जाते, त्या महिन्यात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कोरमसुद्धा होईल. फक्त वाफे भरण्यापूर्वी गच्चीची गळती तपासून घ्या आणि माती घेताना ती कुठून आली एवढं विचारा. शहरातल्या नर्सरीत गोणीनं मिळणारी काळीभोर माती कुणाच्या तरी शेताचा वरचा थर असते.